एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी

डॉ. विशाखा निमगडे यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथासाठी लेख द्यावा, असा गौरव समितीचा निरोप आला, तेव्हा मी चिटणीसांना दोनदा विचारले, "नक्की मलाच ना?" या ग्रंथात मॅडमचे विद्यार्थी लिहिणार, मोठ्या शहरांतले डॉक्टर लिहिणार. मी त्यांच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. आयुष्यभर काचपट्ट्या रंगवल्या आणि जे काही लिहिले ते दोन ओळींच्या रिपोर्टात. त्यातल्या दोन ओळी एकदा अशा चुकल्या की एका बाईचा जीव जायची वेळ आली. मॅडमविषयी चांगले बोलणारे या पानापानांवर भेटतील. त्यांच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून स्वतःची चूक पुढे करणारा मात्र मी एकटाच असेन. तेव्हा वाचकांनी मला सांभाळून घ्यावे.

मॅडम आमच्या चंद्रपूरच्या रुग्णालयात जंतुशास्त्राच्या प्रमुख म्हणून रुजू झाल्या, त्या सकाळी आम्ही चौघा तंत्रज्ञांनी प्रयोगशाळा लख्ख केली होती. टेबलांवर नवे कापड, खिडक्यांच्या काचा पुसलेल्या, सूक्ष्मदर्शकाला हार घालायचा तेवढा बाकी. मॅडम आल्या. साधी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "कचऱ्याची बादली कुठे आहे?"

मला वाटले, त्यांना काही टाकायचे असेल. मी अदबीने बादली पुढे केली. मॅडमनी हातमोजे चढवले आणि आम्ही टाकून दिलेल्या, जंतू वाढवायच्या झाकणाच्या प्लेटा एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली. प्रत्येक प्लेट खिडकीच्या उजेडाला धरून पाहायच्या आणि विचारायच्या, "ही कोणाची?"

"माहीत नाही, मॅडम. टाकून दिलेली आहे."

"टाकून दिली म्हणजे पेशंटचं नावही गेलं का, गुरनुलेभाऊ?"

माझे नाव त्यांनी माझ्या खिशावरच्या पट्टीवरून वाचले होते. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सांगितले, "नव्या मॅडम आल्यात. बादलीत डोकं घालतात." पुढे आम्ही आपसांत त्यांना बादलीवाल्या मॅडम म्हणू लागलो. हे नाव त्यांना ठाऊक आहे, म्हणूनच इथे लिहिण्याचे धाडस करतो आहे.

वैद्यकाशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी आमचे काम थोडक्यात सांगतो. ताप हटत नसेल आणि जंतू रक्तातच शिरल्याचा संशय असेल, तर आम्ही रोग्याचे रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालतो आणि ती बाटली उबेत ठेवतो. जंतू असेल तर बाटली गढूळ होते. मग तिच्यातला थेंब प्लेटवर पसरायचा, म्हणजे जंतूचे ठिपके उगवतात. ते ठिपके पाहून जंतू ओळखायचा आणि त्याला कोणते औषध चालेल ते सांगायचे. दहापैकी नऊ वेळा नेहमीचेच जंतू भेटतात. दहाव्या वेळी जो भेटतो तो खरा परीक्षा घेणारा, कारण तो बहुधा दुसऱ्याच कोणाचे तरी रूप घेऊन येतो. मॅडमची सारी हयात त्या दहाव्यासाठी गेली.

त्यांचे नियम कडक होते. कोणतीही प्लेट चौथ्या दिवसाआधी टाकायची नाही. प्लेटचे झाकण उघडून वास घ्यायचा नाही. हा दुसरा नियम माझ्या वर्मी लागला, कारण माझे नाक हे त्या प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने यंत्र होते. माझ्या गुरूंनी मला वासावरून जंतू ओळखायला शिकवले होते. एकाला द्राक्षासारखा वास येतो, दुसऱ्याला शिळ्या पाण्यासारखा. मी ते मॅडमना अभिमानाने सांगितले. त्या म्हणाल्या, "तुमचे गुरू नशीबवान होते, इतकंच. जंतू नाकानं आत गेला तर तो तुमचं नाव विचारत नाही."

आणि तिसरी गोष्ट नोंदवहीची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी खोडरबर आणि पांढरी शाई दोन्ही कपाटातून बाहेर काढून फेकून दिली. चुकीची नोंद झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे अशी, आणि शेजारी सही करायची. आम्हाला हा अपमान वाटायचा. एकदा त्यांनी स्वतःच एका रोग्याचे वय चुकीचे लिहिले. आम्ही चौघे टपूनच होतो. त्यांनी रेघ मारली, सही केली आणि वही आमच्याकडे सरकवून म्हणाल्या, "बघा नीट. पुन्हा संधी मिळेलच असं नाही." त्यानंतर अपमान वाटणे बंद झाले.

गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीकडच्या जंगलातल्या दवाखान्यांत जाऊन परिचारिकांना रक्त घ्यायला शिकवणे, हा त्यांचा दर पावसाळ्याचा नेम. पहिले इंजेक्शन देण्याआधी रक्त बाटलीत गेले पाहिजे, हा त्यांचा ध्यास. एकदा तिकडच्या एका नव्या सिस्टरने रक्ताची बाटली बर्फात घालून एसटीने पाठवली. बर्फात घातले की अर्धे जंतू मरतात, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. आता फोनवर भडका उडणार म्हणून मी कान टवकारले. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, रक्त अगदी छान घेतलंत. फक्त एक करा, आपला जंतू गडचिरोलीचा आहे, त्याला थंडी सोसत नाही. पुढच्या वेळी टॉवेलात गुंडाळा." ती सिस्टर आज तिकडच्या नव्या मुलींना तेच वाक्य शिकवते, असे ऐकतो.

आता माझी गोष्ट.

काही वर्षांपूर्वीचा श्रावण. मॅडम आठवडाभरासाठी एटापल्लीला गेल्या होत्या. त्या सोमवारी वॉर्डात पार्बताबाई नावाच्या रोग्याचे रक्त घ्यायला मी गेलो. मूल तालुक्यातल्या पिपरटोल्याच्या. वय पन्नाशीचे, तीन आठवडे ताप, छातीच्या फोटोत डाग. बाहेरच्या एका दवाखान्याने टीबी म्हणून औषध सुरू केले होते. आमच्याकडे साखर तपासली तर तीही वाढलेली निघाली, जी त्यांना आजवर कोणी सांगितली नव्हती. आमच्या कागदावर व्यवसायाचा रकाना होता. तो मॅडमनीच घालायला लावलेला.

"बाई, काय करता?" मी विचारले.

"काई नाई करत, भाऊ. घरीच रायतो."

मी लिहिले, गृहिणी. सही केली आणि पुढच्या खाटेकडे वळलो.

बुधवारी बाटली गढूळ झाली. थेंब प्लेटवर घातला. गुरुवारी सकाळी बारीक, गुळगुळीत ठिपके उगवले होते. त्याआधीच्या आठवड्यात त्याच वॉर्डातल्या तीन बाटल्यांत पाण्यातला एक फालतू जंतू उगवला होता. कातडी पुसायच्या बरणीतला ओला कापूस दूषित झाला होता, रोग्यांच्या रक्तात काही नव्हते. मला वाटले, तोच पाहुणा पुन्हा आलाय. तरी खात्री करावी म्हणून, मॅडम नाहीत हे पाहून, मी झाकण उचलले आणि वास घेतला.

ओल्या मातीचा वास आला. माझा जन्म मूलकडच्या धानाच्या गावात झाला. हा वास मी झोपेतही ओळखीन. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत चिखलणी झालेल्या बांधीला येतो तो हा वास. बांधी म्हणजे आमच्याकडचे धानाचे बांधबंदिस्त शेत. मी मनाशी म्हणालो, माती म्हणजे बाहेरची घाण, झाले. आणि रिपोर्ट लिहिला. दूषित नमुना, रक्तात जंतू नाही, वाटल्यास पुन्हा तपासावे.

कपाटात जागा नव्हती. शुक्रवारी ती प्लेट मी बादलीत टाकली. चौथा दिवस उजाडायचा होता. त्याच शुक्रवारी, रिपोर्ट वाचून आणि ताप थोडा उतरलेला पाहून, वॉर्डाने पार्बताबाईंना टीबीच्या गोळ्या देऊन घरी सोडले.

शनिवारी सकाळी मॅडम परत आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांची नजर बादलीकडे गेली. आमचा सफाई कामगार ती बादली जंतू मारायच्या वाफेच्या यंत्राकडे घेऊन निघाला होता. अजून पाच मिनिटे उशीर झाला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी आजही स्वतःला हुशार समजत असतो.

"थांबा," मॅडम म्हणाल्या.

तीन दिवसांत त्या प्लेटचे रूप पालटले होते. गुळगुळीत ठिपके आता वाळलेल्या मोहफुलांसारखे सुरकुतले होते. मॅडमनी ती प्लेट उजेडाला धरली आणि झाकण न उघडता तिला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली.

"गुरनुलेभाऊ, हिचा वास घेतलात का?"

"नाही, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग म्हणाल्या, "हा मेलिओइडोसिसचा जंतू असावा. चिखलात राहतो. पायाच्या चिरेतून रक्तात जातो, फोटोत टीबीसारखा दिसतो. टीबीच्या औषधानं तो मरत नाही, माणूस मरतो. ही पेशंट कुठे आहे?"

"काल घरी गेली."

जंतू बाहेर पडू न देणाऱ्या बंद कपाटात मॅडमनी दुसऱ्या प्लेटवर औषधाच्या चकत्या लावल्या. कोणत्या औषधाने जंतू मरतो ते त्यावरून कळते, पण उत्तर दुसऱ्या दिवशी मिळते. तेवढा वेळ थांबायला त्या तयार नव्हत्या. कागदावरचा फोन लावला. तो शेजारच्या गावातल्या किराणा दुकानदाराचा निघाला. "त्यायच्या घरी टावरच नाई," तो म्हणाला. रुग्णालयाची गाडी बाहेर होती. मॅडमनी स्वतःची गाडी काढली आणि मला शेजारी बसवले.

चंद्रपूर ते मूल हा जंगलातला रस्ता मी शेकडो वेळा गेलो असेन. त्या दिवशी तो संपता संपत नव्हता. मूलच्या पुढे जंगल संपले आणि दोन्ही बाजूंना बांध्या सुरू झाल्या. उशिराचा रोवणा चालू होता. गुडघाभर चिखलात बायकांची ओळ वाकलेली होती. मॅडमनी गाडीचा वेग कमी केला, त्या ओळीकडे पाहिले आणि पुन्हा वाढवला. त्या काय पाहत होत्या ते मला तेव्हा कळले नाही.

पिपरटोल्यात घर सापडले. पार्बताबाई ओसरीत गोधडीवर पडल्या होत्या. श्वास भरभर चालला होता. त्यांचे यजमान दादाजीभाऊ दारातच उभे राहिले. त्यांना आमचे येणे आवडले नव्हते, आणि का आवडावे?

"काऊन आलात, बाई? कालच तं सुट्टी देल्ली तुमीनं. कागदावर लिवलं, रक्तात काई नाई म्हून."

"तो कागद चुकला, दादाजीभाऊ," मॅडम म्हणाल्या.

"मंग आता तुमी म्हनता ते बरोबर, हे मी कायच्यावरून मानू?"

मी मान खाली घातली. मॅडमनी ओसरीच्या पायरीवर बैठक मारली आणि शांतपणे म्हणाल्या, "मानू नका. आधी मला तिचे पाय पाहू द्या."

गोधडी बाजूला केली. बोटांच्या बेचक्या चिखल्यांनी खाल्लेल्या, टाचेत बोटभर चीर. मॅडमनी त्या चिरेशेजारी हात ठेवला आणि पार्बताबाईंना विचारले, "बाई, बांधीत जाता का?"

"नाई, बाई. आमाले कुठी बांधी हाये? घरीच रायतो मी."

हेच उत्तर मला मिळाले होते. मी तिथे थांबलो होतो. मॅडम थांबल्या नाहीत.

"यंदा रोवणा किती दिवस केला?"

"रोवणा व्हय?" पार्बताबाईंना श्वास पुरत नव्हता, तरी त्या बोटांवर मोजू लागल्या. "आपल्या गावात आठ दिवस. मंग टोळीसंगं तिकडं चिमूरच्या बाजूनं दहा. मंग ताप आला, तं घरी बसलो."

अठरा दिवस चिखलात उभ्या राहिलेल्या बाईला मी गृहिणी लिहिले होते. स्वतःची बांधी नाही म्हणून ती स्वतःला शेतकरी म्हणत नव्हती, आणि दुसऱ्याच्या बांधीतले काम तिच्या लेखी काम नव्हतेच. माझ्याही लेखी नव्हते. माझ्या घरची पाच एकर बांधी अशाच बायका रोवतात. त्यांच्यापैकी एकीचेही नाव मला सांगता आले नसते.

दादाजीभाऊंनी बायकोच्या पायाकडे पाहिले, मॅडमकडे पाहिले आणि घरात जाऊन पाण्याचा तांब्या व लुगड्यांचे गाठोडे घेऊन आले. "चाला," एवढेच म्हणाले.

परतताना गाडी मला चालवायला दिली. मागे पार्बताबाईंचे डोके मॅडमच्या मांडीवर, शेजारी दादाजीभाऊ अंग चोरून बसलेले. वाटेत तीनदा मॅडम म्हणाल्या, "बाई, झोपू नका. बोला माझ्याशी." खिडकीतून बांधीचा वास आत येत होता. मला राहवेना. समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता मी म्हणालो, "मॅडम, मी खोटं बोललो. वास घेतला होता. हाच वास येत होता."

नोकरी गेली, असे मी धरून चाललो. मग मॅडम म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आज संध्याकाळपासून तुम्हाला गोळ्या सुरू. तीन आठवडे. आणि रोज सकाळी दहा वाजता माझ्यासमोर ताप मोजायचा. आता रस्त्याकडे लक्ष द्या."

वॉर्डातल्या मेडिसिनच्या डॉक्टरांना हे पटवणे सोपे गेले नाही. त्यांची शंका रास्त होती. "मॅडम, बादलीतून काढलेल्या एका प्लेटवर मी टीबीचं निदान बाजूला ठेवू? बाहेरच्या प्रयोगशाळेचा निर्वाळा येईपर्यंत तरी थांबू या."

"निर्वाळ्याला आठवडा लागेल. तिच्याकडे आठवडा नाही," मॅडम म्हणाल्या. "मी लेखी देते."

त्यांनी लेखी दिले आणि त्या संध्याकाळी शिरेतून योग्य ते औषध सुरू झाले. रविवारी चकत्यांचे उत्तर आले. एरवी अशा जंतूंना लोळवणारी दोन जबरी औषधे इथे निकामी ठरली होती, आणि एका साध्या औषधाभोवती जंतू मरून मोठे वर्तुळ पडले होते. मेलिओइडोसिसची ही ओळखीची खूण आहे. सोनोग्राफीत प्लीहेत लहान लहान गळवे दिसली. मेडिसिनच्या डॉक्टरांनी स्वतः येऊन मॅडमना नमस्कार केला. मला वाटले, जिंकलो.

कसले जिंकलो! तिसऱ्या दिवशी पार्बताबाईंचा रक्तदाब कोसळला आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. चौथा दिवस, ताप तसाच. पाचवा दिवस, तसाच. सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मॅडम, औषध बदलू या का?"

"हा जंतू सावकाश मरतो. औषध बरोबर आहे. आपण घाबरून सोडू नये, इतकंच."

दादाजीभाऊ बाहेरच्या बाकावर बसून असायचे. खिशात माझा पहिला रिपोर्ट, घडी घातलेला. मी दिसलो की विचारायचे, "कोनता कागद बरोबर व्हता, भाऊ?" शिवी दिली असती तर बरे वाटले असते. ते खरेच विचारत होते, आणि मला रोज नवे उत्तर शोधावे लागत होते.

इकडे रोज सकाळी दहाला माझ्या जिभेखाली थर्मामीटर. आकडा मॅडम स्वतः लिहायच्या. सातव्या दिवशी तो जरा वर गेला. मॅडमनी कोणाला न बोलावता स्वतः माझे रक्त घेतले, बाटलीवर माझे नाव लिहिले आणि ती पार्बताबाईंच्या नव्या बाटलीशेजारी ठेवली. त्या दिवशी दुपारी त्यांनी आपला डबा उघडून माझ्यापुढे अर्धी भाकर ठेवली आणि समोर बसून ती संपेपर्यंत उठल्या नाहीत. सूक्ष्मदर्शक सोडून त्या दहा मिनिटे कोणासमोर बसल्याचे मी त्याआधी पाहिले नव्हते. अर्ध्या भाकरीने जेवढा धीर आला तेवढा मला पुरला.

आठव्या दिवशी बाहेरच्या प्रयोगशाळेचा निर्वाळा आला. निदान अचूक होते. ताप मात्र तसाच होता. निदान बरोबर आणि बाई जाते की काय, यासारखी वाईट अवस्था नाही. नवव्या दिवशीही काही बदल नाही. दहाव्या दिवशी सकाळी मी थर्मामीटर तोंडात धरून बसलो असताना अतिदक्षता विभागाच्या सिस्टर दारात आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, ताप उतरलाय. पेज मागतायत."

मॅडमनी माझ्या तोंडातला थर्मामीटर काढला, वाचला, लिहिला, आणि मगच खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. माझी बाटली सात दिवस स्वच्छ राहिली. साधी सर्दी होती ती.

पार्बताबाई पुढे तीन महिने गोळ्या घेऊन ठणठणीत बऱ्या झाल्या. घरी सोडताना दादाजीभाऊंनी खिशातला तो जुना कागद मॅडमपुढे ठेवला. मी म्हणालो, "फाडून टाकतो." मॅडम म्हणाल्या, "फाडायचा नाही." त्यांनी त्यावर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिले, हा अहवाल चुकीचा होता. आणि सही केली.

"मॅडम, चूक माझी आहे," मी म्हणालो.

"प्रयोगशाळा माझी आहे. तुम्ही खाली करा सही."

मग पार्बताबाईंचा रक्ताचा मूळ कागद काढून त्यांनी पेन माझ्या हातात दिले. मी 'गृहिणी' या शब्दावर रेघ मारली, खालचे वाचता येईल अशी, आणि वर लिहिले, रोवणा करते. तेव्हापासून पावसाळ्यात आम्ही कोणत्याच बाईला काय करता असे विचारत नाही. यंदा रोवणा किती दिवस केला, कोणाच्या बांधीत, असे विचारतो. त्यानंतर अशा आणखी बाया सापडल्या आणि वाचल्या. सगळ्या नाही वाचल्या, हेही सांगितले पाहिजे, कारण मॅडमना गुळगुळीत गोष्ट खपत नाही. रविवारी विहारात वंदना झाल्यावर मॅडम बायकांना पायाच्या चिरा दाखवायला बसवतात. आणि माझ्या बांधीत येणाऱ्या अकरा जणींची नावे आता मला पाठ आहेत.

हा लेख इथेच संपवणार होतो. पण मागच्या महिन्यात समितीने मॅडमचा छापील परिचय तपासून आणायला माझ्याकडे दिला. पदव्या, पदे, शोधनिबंध. मॅडमनी त्यावर भराभर नजर फिरवली, काही बदलले नाही. पहिल्या पानावर मात्र थांबल्या. तिथे छापले होते, वडील: मूलच्या राइस मिलमध्ये हमाल. आई: गृहिणी.

मॅडमनी पेन काढले. 'गृहिणी'वर एकच रेघ मारली आणि वर लिहिले, रोवणा करीत असे. शेजारी सही केली.

मी कागद घ्यायला हात पुढे केला. "मॅडम, आई..."

"मी बारावीत होते," त्या म्हणाल्या. "रोवणा आटोपला आणि ताप आला. टीबी म्हणाले. तीन आठवड्यांत गेली."

"रक्त कोणी नाही तपासलं?"

"डॉक्टरांनी विचारलं होतं, बाई काय करता. मी शेजारीच उभी होते." मॅडमनी पेनाचे टोपण लावले. "ती म्हणाली, काई नाई करत, घरीच रायतो. आणि मीही काही बोलले नाही."

इतकी वर्षे त्यांच्या हाताखाली काढली, आणि बादलीत त्या काय शोधत होत्या ते मला त्या दिवशी कळले.

समितीला माझी विनंती आहे की ते पान नव्याने छापू नये. आहे तसे, रेघेसकट आणि सहीसकट या ग्रंथात घ्यावे. आणि मॅडम, तुम्हाला काय मागावे? तुमचे डोळे असेच शाबूत राहोत, हातपाय धडधाकट राहोत, एटापल्लीचा रस्ता पुढची कित्येक वर्षे तुमच्या गाडीखाली राहो. तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य मिळो, आणि तुमच्या आईचे राहून गेलेले दिवसही त्यात मिळोत.